पूर्ण जबड्याचे इम्प्लांट : तात्पुरता ब्रिज आधी का बसवतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या आईंचे वय ६३ आहे, मधुमेह जुना आहे, गोळ्या चालू आहेत. वरच्या जबड्यात सहा आणि खालच्या जबड्यात सात दात उरले असून त्यांतले बरेचसे हलतात. एका दवाखान्यात सांगितले की सगळे दात काढून दोन्ही जबड्यांत चार-चार इम्प्लांट (दातांना आधार देण्यासाठी हाडात बसवायचे टायटॅनियमचे स्क्रू) बसवू आणि तिसऱ्या दिवशी पक्के दात देऊ. दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितले की आधी तात्पुरता ब्रिज, म्हणजे इम्प्लांटवर बसणारी एकत्र जोडलेल्या दातांची पट्टी, बसेल, पाच-सहा महिन्यांनी कायमचा बसेल आणि दोन्हींचा खर्च वेगळा असेल. दुसरे डॉक्टर एकाच कामाचे दोनदा पैसे घेत आहेत का, आणि पहिल्याच वेळी कायमचे दात का बसवत नाहीत, असे तुम्ही विचारले आहे.

मी प्रोस्थोडॉन्टिस्ट आहे. इम्प्लांटवर बसवायच्या दातांचे नियोजन आणि ते दात बसवणे हे माझे रोजचे काम आहे. आईंना तपासल्याशिवाय त्यांच्यासाठी काय योग्य ते मी सांगू शकत नाही आणि कोणीही सांगू नये. मात्र तात्पुरत्या ब्रिजबद्दलची तुमची शंका तपासणीविनाही दूर करता येण्यासारखी आहे. या उपचारात दात तिसऱ्या दिवशी मिळाले की सहाव्या महिन्यात, याला तुलनेने कमी महत्त्व आहे. मधल्या काळात हाडात आणि हिरडीत काय घडते, त्यावर सगळे अवलंबून असते. तात्पुरता ब्रिज त्या मधल्या काळाचे काम करण्यासाठीच असतो.

१९६५ मध्ये स्वीडनमधील गोटेनबर्ग येथे पेर-इंगवार ब्रानेमार्क यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. जिवंत हाड टायटॅनियमच्या पृष्ठभागाला थेट जोडले जाते, हे त्यांनी त्याआधी प्राण्यांवरील प्रयोगांत पाहिले होते. त्यांच्या पद्धतीत इम्प्लांट हिरडीखाली झाकून ठेवत आणि खालच्या जबड्यात सुमारे तीन महिने, वरच्या जबड्यात सुमारे सहा महिने त्यावर कोणताही भार येऊ देत नसत. पुढे १९९० च्या दशकात लिस्बनमध्ये पाउलो मालो यांनी चार इम्प्लांटवर पूर्ण जबड्याचे दात लगेच बसवण्याची पद्धत विकसित केली आणि २००३ मध्ये खालच्या जबड्यावरील कामाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढचे दोन इम्प्लांट सरळ आणि मागचे दोन तिरके, अशी तिची रचना आहे. तिरके यासाठी की दाढा पडून बरीच वर्षे झाली की वरच्या जबड्यात सायनसची पोकळी खाली उतरलेली असते आणि खालच्या जबड्यात हनुवटीकडे जाणारी नस वाटेत येते. इम्प्लांट कलता बसवला की जबड्यात वेगळी हाडाची भर न घालताही या दोन्ही जागा चुकवता येतात.

आता प्रश्न असा की ब्रानेमार्क यांनी सहा महिने थांबायला लावले, तर मालो यांना लगेच दात कसे बसवता आले? इम्प्लांट बसवला त्या दिवशी त्याची पकड लाकडात फिरवलेल्या स्क्रूसारखी असते. हाड त्याला अजून चिकटलेले नसते. त्या अवस्थेत तो साधारण ०.१ ते ०.१५ मिलिमीटरपेक्षा जास्त हलत राहिला, तर त्याच्याभोवती हाडाऐवजी तंतुमय ऊती तयार होतात आणि इम्प्लांट कधीच घट्ट होत नाही. एकट्यादुकट्या इम्प्लांटवर चावण्याचा भार आला की एवढी हालचाल सहज होऊ शकते. पण चारही इम्प्लांट एकाच ताठ ब्रिजने जबड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बांधले, तर भार वाटला जातो आणि एकट्या इम्प्लांटला हलायला वाव राहत नाही. म्हणजे तात्पुरता ब्रिज रुग्णाला दात देतो आणि त्याच वेळी इम्प्लांटना बांधूनही ठेवतो.

हाडाबद्दल आणखी एक गोष्ट सांगते, कारण रुग्णांची सर्वाधिक गैरसमजूत येथेच होते. पकड पहिल्या दिवसापासून हळूहळू वाढत जात असेल, असे सगळ्यांना वाटते. प्रत्यक्षात शरीर आधी ड्रिलने दुखावलेले हाड काढून टाकते आणि मग नवे हाड घालते. त्यामुळे साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्याच्या सुमारास पकड शस्त्रक्रियेच्या दिवसापेक्षाही कमी झालेली असते. नेमकी तेव्हाच सूज उतरलेली असते, टाके निघालेले असतात, दुखणे थांबलेले असते आणि रुग्ण आनंदाने भाकरी, चकली, भाजलेले दाणे खाऊ लागतो. मी माझ्या रुग्णांना आणि विशेषतः त्यांच्या घरच्यांना तिसऱ्या आठवड्याबद्दल आधीच बजावून ठेवते.

पहिल्याच वेळी कायमचे दात का बसवत नाहीत, याचे पहिले कारण हिरडी हे आहे. दात काढल्यावर हाड आणि हिरडी आक्रसतात आणि या बदलाचा मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांत होतो. शस्त्रक्रियेच्या वेळी हिरडीला अगदी चिकटून बसलेल्या ब्रिजखाली तीन महिन्यांनी फट दिसू लागते. ब्रिज ॲक्रिलिकचा, म्हणजे कवळीच्या प्लास्टिकचा, असेल तर त्या जागी भर घालून, घासून, पॉलिश करून तासाभरात तो पुन्हा तोंडात बसवता येतो. झिर्कोनिया या कडक सिरॅमिकच्या ब्रिजमध्ये अशी भर घालता येत नाही. मग त्या फटीत अन्न अडकत राहते आणि बोलताना हवा निसटते.

दुसरे कारण चाव्याचे आहे. ज्यांनी अनेक वर्षे मोजक्या हलत्या दातांवर खाल्लेले असते, त्यांना जबडा पुढे किंवा बाजूला सरकवून चावायची सवय लागलेली असते. नवे दात आल्यावर स्नायू काही आठवड्यांत सैल होतात आणि जबड्याची खरी जागा तेव्हा सापडते. तात्पुरत्या ब्रिजवर मी दर भेटीत दातांमध्ये निळा कागद धरून चावायला सांगते. पहिल्या भेटीत ठळक ठसे बहुधा एकाच बाजूला उमटतात. ती जागा किंचित घासायची, पुन्हा कागद धरायचा, आणि दोन्ही बाजूंना सारखे बारीक ठिपके येईपर्यंत हे करत राहायचे. पुढच्या भेटीपर्यंत जबडा थोडा आणखी सरकलेला असतो आणि ठसे पुन्हा बदललेले असतात.

तिसरे कारण बोलण्याचे आणि दिसण्याचे. मी रुग्णांना एकसष्ट ते सत्तर आकडे मोठ्याने म्हणायला लावते, कारण मराठीत त्या प्रत्येक आकड्यात ‘स’ आहे. ‘त्रेसष्ट’, ‘सदुसष्ट’ म्हणताना शिट्टी वाजली किंवा जीभ अडखळली, तर पुढच्या दातांची जागा किंवा त्यांच्या मागची जाडी बदलावी लागते. ‘व’ म्हणताना वरच्या दातांची कड खालच्या ओठाला हलकेच टेकली पाहिजे. ती रुतत असेल तर दात लांब झाले आहेत. या दुरुस्त्या ॲक्रिलिकमध्ये करून, रुग्णाने महिना-दोन महिने घरी, बाजारात, फोनवर त्या दातांनी बोलून पाहिल्यावर तोच आकार कायमच्या ब्रिजसाठी लॅबला पाठवायचा असतो. चांगल्या कायमच्या ब्रिजचा नमुना तात्पुरत्या ब्रिजवरूनच तयार होतो, आणि म्हणून त्याचे वेगळे पैसे घेणे गैर आहे असे मला वाटत नाही. गैर तेव्हा होते, जेव्हा ते आधी सांगितले जात नाही. तात्पुरता ब्रिज, मधल्या दुरुस्त्या, तो मोडला तर नवा आणि शेवटचा कायमचा ब्रिज, हे चारही भाग असलेले अंदाजपत्रक लेखी मागा.

पहिल्या डॉक्टरांनाही दोष देण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा: ‘आपण कोणत्या प्रकारचे इम्प्लांट बसवणार आहात?’ आपल्याकडे बेसल इम्प्लांट नावाची एक पद्धत बरीच चालते. त्यात एकसंध, लांब इम्प्लांट जबड्याच्या खोलवरच्या टणक हाडात पकड घेतात आणि काही दिवसांत धातूचा सांगाडा असलेला ब्रिज त्यांवर सिमेंटने चिकटवतात. ‘तीन दिवसांत पक्के दात’ असे म्हटले जाते तेव्हा बहुधा हीच पद्धत अभिप्रेत असते. मी ती वापरत नाही. सिमेंटने चिकटवलेला ब्रिज काढून खालची हिरडी तपासणे कठीण जाते, आणि इम्प्लांट एकसंध असल्याने वरचा भाग बदलता येत नाही, त्यामुळे एक जरी इम्प्लांट बिघडला तरी अनेकदा संपूर्ण काम कापावे लागते. हाड अगदीच कमी असलेल्या काही रुग्णांसाठी ही पद्धत काळजीपूर्वक वापरणारे डॉक्टर आहेत, हेही खरे आहे. पण त्या प्रकारातही हिरडी आक्रसतेच, त्यामुळे ‘पुढे फट पडली तर तुम्ही काय कराल?’ हे विचारायला विसरू नका.

आता काय परिस्थितीवर अवलंबून आहे, ते सांगते. लगेच दात बसवायचे की नाही, याचा अंतिम निर्णय शस्त्रक्रियेच्या टेबलावरच होतो. आमचे सर्जन टॉर्क रेंचने (पिळाचा जोर मोजणाऱ्या पान्याने) इम्प्लांट फिरवत असताना मी शेजारी उभी राहून प्रत्येक इम्प्लांटचा आकडा लिहून घेते. साधारण ३५ न्यूटन-सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक पकड मिळाली तर त्या इम्प्लांटवर लगेच भार देता येतो. चारपैकी दोघांनी २०-२५ वरच हात टेकले, तर त्या दिवशी इम्प्लांटवर ब्रिज बसवणे धोक्याचे असते. मग इम्प्लांट झाकून ठेवायचे आणि रुग्णाला मऊ अस्तर लावलेली कवळी द्यायची. खालच्या जबड्याचे हाड घट्ट असल्याने तेथे अशी वेळ कमी येते. वरच्या जबड्याचे हाड भुसभुशीत असते, म्हणून मी तेथे शक्य असेल तर चारऐवजी सहा इम्प्लांट सुचवते. यामुळेच शस्त्रक्रियेच्या आधी कोणी ‘तिसऱ्या दिवशी पक्के दात, हमखास’ असे लिहून देत असेल, तर पकड मिळाली नाही तर काय करणार, हे त्याच कागदावर लिहून मागा. आमच्याकडे शस्त्रक्रियेपूर्वीच कवळी तयार ठेवलेली असते. पकड चांगली मिळाली तर त्याच कवळीला इम्प्लांटच्या जागी भोके पाडून, धातूच्या नळ्या ॲक्रिलिकने जोडून, टाळू झाकणारा आणि हिरडीवर येणारा भाग कापून टाकून तिचा ब्रिज करतात. पकड मिळाली नाही तर ती कवळी म्हणूनच वापरली जाते. कोणत्याही परिस्थितीत रुग्ण दातांविना घरी जात नाही.

आईंच्या बाबतीत मला पहिली काळजी साखरेची वाटते. उपाशीपोटी १४० च्या आसपास असते, असे तुम्ही लिहिले आहे, पण त्या एका आकड्यावरून अंदाज येत नाही. एचबीए१सी, म्हणजे गेल्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, करून घ्या. तो ७ च्या आसपास असेल तर मी निर्धास्तपणे पुढे जाते. ८ च्या वर असेल तर फिजिशियनच्या सल्ल्याने तो खाली येईपर्यंत थांबायला सांगते, कारण ही तातडीची शस्त्रक्रिया नाही. तंबाखूबद्दल तुम्ही ‘व्यसन नाही’ असे लिहिले आहे. त्या मिश्री लावतात का, हे वेगळे विचारा. आपल्याकडे अनेक घरांत मिश्री तंबाखूत धरलीच जात नाही, पण ती हिरडीजवळ लागते आणि जखम भरण्यात अडथळा आणते. हाडे ठिसूळ झाल्याबद्दल त्यांना वर्षातून एकदा सलाइनमधून किंवा दर सहा महिन्यांनी इंजेक्शन दिले जात असेल, तर ते दात काढण्याआधी सांगितलेच पाहिजे. या औषधांमुळे दात काढल्यावर जबड्याचे हाड उघडे पडून न भरण्याचा धोका असतो. तो क्वचित येतो, पण आला तर फार त्रासदायक ठरतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःहून बंद करू नका. झोपेत दात करकरा खाण्याची सवय असेल तर तीही सांगा, कारण तिने तात्पुरता ब्रिज मोडू शकतो.

सगळे दात काढायलाच हवेत का, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण मी तो विचारला असता. तेरा दात उरले आहेत आणि ते पायोरियामुळे हलत असतील, तर आधी खोलवर सफाई करून सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी व्हायला हवी. खालचे सुळे अनेकदा बाकी सगळ्यांपेक्षा मजबूत निघतात. शिवाय पायोरियाचा उपचार न करता दात काढून त्याच तोंडात इम्प्लांट बसवले, तर दात स्वच्छ न ठेवण्याची सवय तशीच राहते, आणि इम्प्लांटभोवतालचे हाडही त्याच कारणाने झिजते.

आणखी एक मधला मार्ग आहे, जो दोन्ही दवाखान्यांनी सांगितलेला दिसत नाही. वरची कवळी टाळूच्या आधाराने बहुतेकांना चांगली बसते. त्रास देते ती खालची. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात २००२ मध्ये जमलेल्या तज्ज्ञांनी असे मत नोंदवले की दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवर अडकणारी कवळी हा पहिला पर्याय मानावा, साधी कवळी नव्हे. ही कवळी बटणांवर अडकते आणि रात्री काढून धुता येते. तिचा खर्च पूर्ण जबड्याच्या पक्क्या ब्रिजच्या मानाने बराच कमी असतो. ज्यांच्या बोटांत ताकद कमी आहे, ज्यांना ब्रिजखाली रोज सफाई करणे जमणार नाही, त्यांना मी अनेकदा हाच मार्ग सुचवते. सहा इम्प्लांटचा ब्रिज परवडतो म्हणून तो सगळ्यांना सोयीचा असतोच असे नाही.

तुम्ही पक्का ब्रिजच ठरवलात, तर तात्पुरत्या ब्रिजचे महिने कसे काढायचे ते सांगते. पहिले दोन आठवडे पातळ आणि मऊ: पेज, वरण, ताक, आमटीत कुस्करलेला भात. त्यानंतर पुढचे दोन-अडीच महिने जे काट्याने सहज दाबले जाईल ते: मऊ खिचडी, उपमा, शिजलेली भाजी, दुधात भिजवलेली पोळी, अंडे, उकडलेला मासा. भाकरी, ऊस, चिक्की, पेरू, हाडाचे मटण यांपैकी काहीही नाही. तात्पुरत्या ब्रिजमध्ये दात साधारण दहाच असतात आणि मागच्या दाढा नसतात, तेव्हा ‘दाढा कमी का दिल्या?’ असे बरेच जण विचारतात. शेवटच्या इम्प्लांटच्या मागे आधाराविना दात ठेवला तर प्रत्येक घासाला तो भाग खाली दाबला जाऊन सगळा ताण मागच्या इम्प्लांटवर येतो, म्हणून आम्ही ते दात मुद्दाम ठेवत नाही.

ब्रिजला तडा जातो तो बहुधा मागच्या स्क्रूच्या भोकाजवळ. तडा बारीक असतो, दुखत नाही, फक्त चावताना टिक असा आवाज येतो किंवा जिभेला कड लागते. असे झाले तर ‘पुढच्या आठवड्यात जाऊ’ म्हणू नका. ब्रिज तुटला की इम्प्लांटना बांधून ठेवणारी गोष्टच नाहीशी होते आणि तुटलेल्या बाजूचा इम्प्लांट एकटा भार घेऊ लागतो. ॲक्रिलिकची दुरुस्ती एका भेटीत होते. हललेला इम्प्लांट मात्र वाचवता येत नाही. म्हणून मी गावाकडून येणाऱ्यांना विचारते की पहिले तीन महिने दोन दिवसांत दवाखान्यात पोहोचता येईल अशा ठिकाणी राहणे शक्य आहे का. परदेशातून तीन आठवड्यांच्या रजेवर दात करायला येणाऱ्या मराठी मंडळींनाही हेच विचारावे लागते. त्यांनी इम्प्लांटच्या डब्यावरचे कंपनी, आकार आणि बॅच क्रमांकाचे स्टिकर मागून घ्यावे, म्हणजे तिकडचा डॉक्टर योग्य स्क्रू मागवू शकेल. हे स्टिकर तुम्हीही मागा, कारण पंधरा वर्षांनी स्क्रू बदलायची वेळ आली तर त्याच माहितीवर काम होते.

टाके निघाल्यावर सफाईला सुरुवात होते: मऊ ब्रश, ब्रिजखालून ओढायचा जाड फ्लॉस आणि जमल्यास वॉटर फ्लॉसर. काडीने कोरू नका. चार ते सहा महिन्यांनी ब्रिज उघडून प्रत्येक इम्प्लांट स्वतंत्रपणे तपासतात, एक्स-रे काढतात आणि सगळे घट्ट असतील तरच कायमच्या ब्रिजचे माप घेतात. काढलेला तात्पुरता ब्रिज फेकू देऊ नका. स्वच्छ करून जपून ठेवला तर पुढे कायमचा ब्रिज दुरुस्तीसाठी लॅबला पाठवावा लागला, तर त्या दिवसांत तो पुन्हा लावता येतो.

सध्या तुम्ही एचबीए१सी आणि दोन्ही जबड्यांचा सीबीसीटी (त्रिमितीय एक्स-रे) स्कॅन करून घ्या, आणि दोन्ही डॉक्टरांना तीन प्रश्न लेखी विचारा: पकड कमी मिळाली तर काय, हिरडी आक्रसल्यावर काय, आणि एक इम्प्लांट गेला तर ब्रिजचे काय. खात्री वाटत नसेल तर तो स्कॅन घेऊन जवळच्या शासकीय दंत महाविद्यालयाच्या प्रोस्थोडॉन्टिक्स विभागात दाखवा. तेथे उपचार करून घेण्याचे बंधन नसते आणि केवळ सल्लाही मिळतो. स्कॅन आणि साखरेचा आकडा हाती आल्यावर, आई मिश्री लावतात की नाही हेही कळवा, म्हणजे वरच्या जबड्यात लगेच दात देण्याइतके हाड आहे का, यावर मला अधिक नेमके लिहिता येईल.